एकच डीएनए, दोन संशयित: समरूप जुळ्यांपैकी डाग नेमका कोणाचा, हे जनुकीय फरकांवरून कसं शोधायचं

जानेवारी २००९ मध्ये बर्लिनच्या काडेवे या प्रचंड मोठ्या दुकानात रात्री चोर शिरले आणि लाखो युरोंचे दागिने, घड्याळं घेऊन गेले. मागे एक हातमोजा राहिला. त्यातल्या घामात डीएनए सापडला आणि पोलिसांच्या नोंदीतल्या दोन माणसांशी तंतोतंत जुळला. दोघे समरूप जुळे भाऊ होते. मार्चमध्ये दोघांनाही सोडावं लागलं. दोघांपैकी किमान एक जण चोरीत होता असं न्यायालयाला दिसत होतं, पण कोणता, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. त्याच वर्षी मलेशियात अमली पदार्थांच्या खटल्यात, जिथे शिक्षा फाशीची होती, न्यायालयाने जुळ्या भावांना सोडून दिलं. कारण तेच: पकडलेला आणि खरा गुन्हेगार एकच आहे हे सिद्ध होईना.

या प्रकरणांत एका बाजूला गुन्हेगार सुटण्याची भीती असते आणि दुसऱ्या बाजूला त्याहून वाईट शक्यता असते: ज्याने काही केलेलं नाही त्याचा डीएनए ‘जुळला’ म्हणून त्याचं आयुष्य उद्ध्वस्त होणं. म्हणून हे तंत्र नीट समजून घेणं तपास अधिकारी, वकील आणि विद्यार्थी या सगळ्यांच्या कामाचं आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी असलेला नियम आधीच सांगून ठेवतो. फरक शोधायचा तो जिवंत जुळ्यांकडून घेतलेल्या नमुन्यांत. या तुलनेसाठी घटनास्थळावरच्या डागाला हात शेवटी लावायचा, आणि तोही नेमक्या जागा हाती आल्यावर. हा क्रम उलटा झाला तर डाग संपून जातो आणि उत्तरही मिळत नाही.

फरक मुळात येतो कुठून

नेहमीची न्यायवैद्यक डीएनए चाचणी, म्हणजे एसटीआर, गुणसूत्रांवरच्या ठरावीक जागी अक्षरांचा (डीएनए ज्या चार घटकांच्या साखळीने बनतो त्यांचा) एक छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा आला आहे ते मोजते. अमेरिकेच्या कोडिस या डेटाबेससाठी अशा १३ जागा तपासत असत. जानेवारी २०१७ पासून २० तपासतात. दोन परक्या माणसांना वेगळं करायला एवढं भरपूर आहे. समरूप जुळी मात्र एकाच फलित बीजांडातून आलेली असतात, त्यामुळे या सगळ्या जागा दोघांत सारख्याच निघतात. जागा दुप्पट केल्या तरी बहुतेक वेळा काही साधत नाही. ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोध लावला, तेव्हापासून ही मर्यादा ठाऊक आहे.

पण माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनएत, सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. पेशी विभागते तेव्हा या सगळ्यांची नक्कल होते आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं. गर्भाचे दोन भाग होतात ते साधारण पहिल्या दोन आठवड्यांत. त्यानंतर एका बाजूला झालेली चूक त्याच बाजूच्या बाळात राहते. ती जितकी लवकर झालेली असेल, तितक्या जास्त पेशींत आणि अवयवांत पसरते. विभागणीच्या आधीची चूकही कामाची ठरू शकते: एक बाळ जवळजवळ पूर्णपणे चूक असलेल्या पेशींच्या वंशातून वाढलं आणि दुसरं तशी चूक नसलेल्या पेशींतून, तर फरक ठळक दिसतो.

आइसलँडमधल्या डीकोड जेनेटिक्सच्या संशोधकांनी २०२१ मध्ये समरूप जुळ्यांच्या ३८१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीला झालेले बदल घेतले तर जुळ्यांमध्ये सरासरी ५.२ जागी फरक होता. सुमारे १५ टक्के जोड्यांत एका भावंडाच्या जवळजवळ सगळ्या पेशींत असलेले बदल दुसऱ्यात अजिबात नव्हते. ३९ जोड्यांत शंभराहून जास्त फरक मिळाले आणि ३८ जोड्यांत एकही मिळाला नाही. हा शेवटचा आकडा तपास सुरू करण्याआधीच सगळ्यांच्या कानावर घालावा. साधारण दहातल्या एका जोडीत हाती काहीच लागणार नाही, याची तयारी ठेवूनच खर्च आणि वेळ मंजूर करून घ्यायचा असतो.

पायरी १: जुळे समरूप आहेत याची खात्री

हे काम सोपं आहे, पण गृहीत धरून चालत नाही. दोघांचा एसटीआर प्रोफाइल, म्हणजे त्या जागांवरच्या मोजणीचा तक्ता, काढा. एखाद-दुसऱ्या नव्हे, पण बऱ्याच जागी फरक निघाला तर ती भिन्नबीज जुळी आहेत आणि नेहमीची चाचणीच निर्णय देईल. फक्त एका जागी एका पुनरावृत्तीचा फरक दिसला तर ती जागा पुन्हा तपासा. विभागणीनंतर झालेला तो बदल असू शकतो आणि मग तोच तुमचा पहिला दुवा आहे.

याच वेळी तिळ्यांची शक्यता विचारून घ्या. दोघांचा वैद्यकीय इतिहासही लेखी घ्या. एका भावाला दुसऱ्याची अस्थिमज्जा दिलेली असेल तर त्याच्या रक्तातला डीएनए हा भावाचा असतो, आणि रक्तावर आधारलेला सगळा निष्कर्ष उलटा पडतो.

पायरी २: जीनोम उघडण्याआधी बाकीचं सगळं संपवा

समरूप जुळ्यांच्या बोटांचे ठसे वेगळे असतात. ठशांच्या रेषा गर्भातच तयार होतात आणि त्यांच्यावर त्या त्या बोटावरचा दाब, त्वचेच्या वाढीचा वेग, गर्भातली जागा अशा स्थानिक गोष्टींचा परिणाम होतो. दोघांचे ठसे ढोबळ आकारात सारखे दिसतात, पण रेषा जिथे तुटतात किंवा फाटे फुटतात त्या बारीक खुणा भिन्न असतात. त्यामुळे चांगला ठसा मिळाला तर निम्मं काम तिथेच होतं. कॅमेऱ्याचं चित्रण, फोन कुठे होता याची नोंद, कामाच्या जागची हजेरी, अंगावरचे व्रण, दातांवरचे उपचार, हे सगळं जीनोमच्या तुलनेत स्वस्त आणि न्यायालयाला समजायला सोपं आहे.

२०१३ च्या सुरुवातीला मार्से शहरात लैंगिक अत्याचारांच्या मालिकेत जुळे भाऊ पकडले गेले, तेव्हा दोघांना वेगळं करणाऱ्या चाचणीचा खर्च दहा लाख युरोंपर्यंत जाईल असं पोलिसांना सांगण्यात आल्याच्या बातम्या होत्या. सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचण्याची, किंमत तेव्हापासून खूप उतरली आहे. तरी ही चाचणी पहिला पर्याय म्हणून करू नये, कारण तीत डाग खर्ची पडतो आणि तो परत मिळत नाही.

पायरी ३: डाग मोजा, वाटून ठेवा आणि कुलूपबंद करा

नेहमीच्या एसटीआर चाचणीला साधारण अर्धा ते एक नॅनोग्रॅम डीएनए पुरतो. ती करून झाल्यावर डागातून काढलेल्या डीएनएचा अर्क किती उरला आहे ते मोजा आणि छोट्या भागांत वाटून गोठवा. डागाचा काही भाग शक्य असेल तर अर्क न काढता तसाच राखून ठेवा. प्रत्येक भागावर सांकेतिक क्रमांक, कोणी कधी घेतला आणि कधी परत ठेवला याची नोंद. पुराव्याच्या ताब्याची साखळी या प्रकरणात नेहमीपेक्षा जास्त कसोटीला लागते, कारण बचाव पक्षाचा पहिला प्रश्न ‘नळ्या बदलल्या नाहीत कशावरून?’ हाच असणार. दोन नळ्या बदलल्या गेल्या तर एसटीआरने ते कधीच पकडलं जाणार नाही. दोन्ही प्रोफाइल सारखेच दिसतील. म्हणून दोन भावांचे नमुने एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकाच माणसाने हाताळू नयेत. हा नियम मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

डाग कशाचा आहे हेही इथेच पक्कं करा: रक्त, लाळ, वीर्य, घाम की त्वचेच्या पेशी. पुढची पायरी यावरच उभी आहे.

पायरी ४: संदर्भ नमुने (दोघा भावांकडून घेतलेले), आणि ऊती निवडण्याचा खरा प्रश्न

बहुतेक चुका इथे होतात. नेहमीच्या तपासात गालाच्या आतून स्वॅब घेतला की झालं, कारण एसटीआर शरीरात सगळीकडे सारखाच असतो. इथे तसं नसतं. आपण ज्या बदलांच्या मागे आहोत ते शरीराच्या काही भागांत असतील, काहींत नसतील. एखादा बदल त्वचा होणाऱ्या पेशींच्या वंशात झाला असेल आणि वीर्यात त्याचा मागमूस नसेल. म्हणून डाग ज्या ऊतीचा, त्याच ऊतीचा संदर्भ नमुना घ्यायचा. डाग वीर्याचा असेल तर दोघांच्या वीर्याचा नमुना लागेल. लाळेचा असेल तर गालाचा स्वॅब आणि लाळ दोन्ही. शिवाय दुसऱ्या एका ऊतीचा नमुना जोडीला ठेवावा, म्हणजे बदल किती व्यापक आहे ते कळतं.

रक्ताचा प्रश्न सगळ्यात अवघड. समरूप जुळ्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश जोड्यांची वार (प्लॅसेंटा) एकच असते, आणि त्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यांतून रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी एका गर्भातून दुसऱ्यात जाऊन कायमच्या वस्तीला राहू शकतात. परिणाम असा की पहिल्या भावात झालेला बदल दुसऱ्याच्या रक्तातही थोड्या प्रमाणात दिसतो. फक्त रक्त तपासलं तर हा बदल ‘दोघांत आहे’ म्हणून यादीतून बाहेर पडतो, किंवा त्याहून वाईट, चुकीच्या भावाकडे बोट दाखवतो. गालाच्या स्वॅबमध्येही पांढऱ्या पेशी असतातच, त्यामुळे तोही या भेसळीपासून पूर्ण मुक्त नाही. केसांची मुळं मदतीला येतात. वीर्यात रक्ताच्या मूळ पेशींची ही सरमिसळ नसल्यामुळे ते सगळ्यात स्वच्छ साधन आहे, अर्थात नमुन्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या तर.

वयही लक्षात घ्या. उतारवयात रक्ताच्या काही मूळ पेशींचा वंश बाकीच्यांना मागे टाकून वाढतो आणि त्याच्यातले बदल रक्तात ठळक होतात; पुरुषांच्या काही रक्तपेशींतून वाय गुणसूत्र निघून जातं. गुन्हा पंधरा वर्षांपूर्वीचा आणि संदर्भ नमुना आजचा असेल तर असा बदल गुन्ह्याच्या वेळी अस्तित्वातच नसेल. म्हणून जुन्या प्रकरणात एकाच ऊतीत सापडलेल्या बदलांवर भिस्त ठेवू नका. दोन वेगळ्या ऊतींत दिसणारा बदल गर्भावस्थेतला असण्याची शक्यता खूप जास्त असते, आणि तसा बदल काळाने हलत नाही.

एक गोष्ट नियमांच्या पलीकडची. या नमुन्यांतून दोघांचा संपूर्ण जीनोम वाचला जाणार आहे, आणि दोघांपैकी एक बहुधा निर्दोष आहे. त्याच्या आजारांची, त्याच्या मुलाबाळांच्या संभाव्य आजारांची माहिती या डेटात आहे. दोघांत काय वेगळं आहे एवढंच पाहायचं, बाकी काही उघडायचं नाही, असं बंधन न्यायालयाच्या परवानगीतच लेखी असावं.

पायरी ५: दोघांचा जीनोम खोलवर वाचणं

आता सिक्वेन्सिंग. प्रत्येक अक्षर सरासरी किती वेळा वाचलं, त्याला खोली म्हणतात. वैद्यकीय कामात ३० पट खोली नेहमीची. आपल्याला ती पुरत नाही. एखादा बदल २० टक्के पेशींत असेल तर, प्रत्येक पेशीतल्या दोन प्रतींपैकी (एक आईकडची, एक वडिलांकडची) एकीवरच तो असल्यामुळे, तो १० टक्के वाचनांत दिसेल: ३० पट खोलीत फक्त तीनदा. तीन वाचनं आणि यंत्राची चूक यांत भेद करणं कठीण. १०० पट खोलीत तोच बदल दहा वेळा दिसतो आणि मग त्याबद्दल बोलता येतं. युरोफिन्स या प्रयोगशाळा कंपनीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा व्यवस्थित दाखवली, तेव्हा त्यांनीही जुळ्या भावांच्या वीर्यातला डीएनए सुमारे ९० पट खोलीने वाचला होता.

दोघांचे नमुने एकाच पद्धतीने तयार करा, पण वेगवेगळ्या वेळी. शक्य तर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) न करता बनवलेली लायब्ररी, म्हणजे यंत्रात वाचण्यासाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे, वापरा. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत नव्या चुका मिसळतात. संदर्भ नमुन्यांत डीएनएची टंचाई नसते, त्यामुळे इथे काटकसर करण्याचं काहीच कारण नाही.

पायरी ६: गाळणी

दोन जीनोमची तुलना केल्यावर पहिली यादी हजारोंची निघते. तिच्यातलं जवळजवळ सगळं खोटं असतं. यंत्र हजारात एखादं अक्षर चुकीचं वाचतं, आणि ३०० कोटी जागांवर ही चूक मिळून फार मोठी होते. गाळताना पुढच्या गोष्टी पाहा: ती जागा जीनोममध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागात आहे का, म्हणजे तुकडा नेमका कुठला हे कळतच नाही, बदल डीएनएच्या एकाच धाग्यावरच्या वाचनांत दिसतो का, तो तुकड्यांच्या टोकालाच येतो का, तिथली खोली अचानक वाढली किंवा घटली आहे का, आणि दुसऱ्या भावात तो खरोखर शून्य आहे की तिथे वाचनंच कमी पडली आहेत. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ यांतलं अंतर खोली ठरवते.

यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा उरल्या तर काम चांगलं झालं समजा. शंभर उरल्या तर एकतर ही जोडी आइसलँडच्या त्या ३९ जोड्यांसारखी भाग्याची आहे, किंवा गाळणी सैल आहे. दुसरं कारण आधी तपासा.

पायरी ७: वेगळ्या पद्धतीने पडताळणी

उरलेली प्रत्येक जागा नव्याने काढलेल्या डीएनएवर, वेगळ्या रसायनाने तपासायची. बदल मोठ्या प्रमाणात असेल तर सँगर सिक्वेन्सिंग (एका वेळी एकच तुकडा वाचण्याची जुनी पद्धत) चालतं, पण १५ ते २० टक्क्यांखालचं प्रमाण त्यात धूसर होतं. त्याखाली गेल्यावर त्या जागेपुरता तुकडा वाढवून हजारो पट खोलीने वाचावा, किंवा ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर करावा, ज्यात बदललेल्या आणि मूळ प्रती वेगवेगळ्या थेंबांत मोजल्या जातात. प्रत्येक जागेसाठी तक्ता हवा: कोणत्या भावात, कोणत्या ऊतीत, किती टक्के. जागा खरी ठरली तरी डागाच्या ऊतीत तिचं प्रमाण नगण्य असेल तर ती या खटल्यात निरुपयोगी आहे.

पीडित व्यक्तीचा नमुनाही या जागांवर तपासून घ्या. डागात तिचाही डीएनए मिसळलेला असू शकतो आणि तेच अक्षर तिच्यात जन्मतः असेल तर सगळा निष्कर्ष कोसळतो.

पायरी ८: आता डाग

निवडलेल्या जागांपुरतीच चाचणी करायची, आणि करणाऱ्याला कोणता भाऊ कोण हे माहीत नसावं. नमुन्यांना क्रमांक द्या आणि किल्ली तिसऱ्याकडे ठेवा. सगळ्या जागा एकाच पीसीआरमध्ये मिळून वाढवता आल्या तर डाग कमी खर्ची पडतो. ही मांडणी आधी संदर्भ नमुन्यांच्या तितक्याच पातळ केलेल्या आणि मुद्दाम जुन्या केलेल्या डीएनएवर करून पाहा. डागावर प्रयोग करायचा नसतो.

मात्रेचा हिशेब आधी मांडा. माणसाच्या सामान्य पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे एका नॅनोग्रॅममध्ये (१००० पिकोग्रॅममध्ये) साधारण १५० पेशींचा, जीनोमच्या ३०० प्रतींचा ऐवज. समजा ‘क’ या भावाच्या लाळेतल्या २० टक्के पेशींत एक बदल आहे आणि ‘ख’ मध्ये तो नाही. प्रतींच्या हिशेबात तो १० टक्के. चाचणीत एक नॅनोग्रॅम गेला तर बदललेल्या ३० प्रती अपेक्षित. पण डागातून ०.१ नॅनोग्रॅमच मिळाला तर एकूण प्रतीच ३०, त्यांत बदललेल्या सरासरी तीन, आणि डाग ‘क’ चाच असूनही एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. अर्क काढताना आणि पीसीआरमध्ये काही प्रती वाया जातात, म्हणून प्रत्यक्षात ही शक्यता आणखी जास्त. हा हिशेब अहवालात लिहा. न्यायाधीशांना तो समजतो आणि समजायला हवा.

पायरी ९: सापडला, किंवा नाही सापडला, याचा अर्थ

दोन्ही उत्तरांचं वजन सारखं नसतं. डागात बदल स्पष्टपणे, संदर्भ नमुन्याच्या जवळपासच्या प्रमाणात सापडला तर तो ‘ख’ कडून येण्यासाठी चाचणीची चूक किंवा भेसळ व्हावी लागेल. पुरावा भक्कम आहे. पण त्याची मर्यादा तुमच्या प्रयोगशाळेचा चुकीचा दर हीच. त्या दरापेक्षा मोठा आकडा सांगणं म्हणजे फसवणूक.

बदल सापडला नाही, तर वरच्या उदाहरणात काय म्हणायचं? डाग ‘ख’ चा असेल तर न सापडणं जवळजवळ निश्चित. ‘क’ चा असेल तर त्याची शक्यता ४ टक्के. म्हणजे हा निकाल ‘ख’ च्या बाजूने सुमारे २५ पट झुकतो. ही ओळख नव्हे. २५ पट हा आकडा एसटीआरच्या अब्जावधींची सवय झालेल्या कानांना फार छोटा वाटेल, आणि तो तसाच वाटू द्यावा.

अनेक जागा असतील तर त्यांच्या शक्यतांचा सरळ गुणाकार करण्याचा मोह होतो. तो टाळा. गर्भातल्या एकाच पेशीत आणि तिच्या लगतच्या पिढीत झालेले दोन बदल पुढे एकाच पेशींच्या वंशात जोडीने जातात. एक नसेल तिथे दुसराही नसण्याचा संभव असतो. दोन जागांचं प्रमाण प्रत्येक ऊतीत जवळजवळ सारखं येत असेल तर त्या एकच साक्षीदार समजा.

आणखी एक शक्यता तपासात राहून जाते: डाग दोघांचाही असू शकतो. एसटीआरला दोन समरूप जुळ्यांचं मिश्रण एकट्या माणसासारखंच दिसतं. डागातलं बदलाचं प्रमाण ‘क’ च्या संदर्भापेक्षा सातत्याने निम्मं येत असेल, आणि ‘ख’ चे वेगळे बदलही त्यात असतील, तर दोघे तिथे होते असा विचार करावा लागतो.

पितृत्वाचा प्रश्न तुलनेने सोपा का

बाळ एका शुक्राणूतून येतं. बापाच्या शुक्राणूंपैकी काहींत असलेला बदल त्या शुक्राणूत असेल तर तो बाळाच्या प्रत्येक पेशीत उतरतो; टक्केवारीची झंझट संपते. २०१४ च्या त्या अभ्यासात जुळ्या भावांपैकी एकाच्या वीर्यात आणि त्याच्या मुलात पाच बदल सापडले, जे काकाकडे नव्हते. प्रत्येक मुलात साधारण साठ-सत्तर नवे बदल असतात, पण त्यातले बरेचसे त्या एका शुक्राणूपुरते किंवा बीजांडापुरते असतात आणि बापाच्या नमुन्यात परत सापडत नाहीत. उपयोगी पडतात ते बापाच्या गर्भावस्थेतच जननपेशींच्या वंशात झालेले. म्हणून क्रम असा ठेवा: मूल, आई आणि दोन्ही भाऊ यांचे जीनोम वाचा, मुलात असून आईत नसलेल्या जागा काढा, आणि त्या दोन्ही भावांच्या वीर्यात खोलवर शोधा. ब्राझीलच्या गोयास राज्यात २०१९ मध्ये बाप कोण हे जुळे भाऊ सांगेनात आणि नेहमीची चाचणी सांगू शकेना, तेव्हा न्यायाधीशांनी दोघांनाही मुलीचा खर्च द्यायला लावला. अशी वेळ मुलावर यायला नको.

मिथायलेशन आणि मायटोकाँड्रिया: कधी वापरावं

अक्षरं न बदलता डीएनएवर चिकटणाऱ्या मिथाइल खुणा जुळ्यांत वय वाढेल तशा वेगळ्या होत जातात. २००५ मध्ये स्पेनमधल्या गटाने जुळ्यांच्या ४० जोड्यांवर ते दाखवलं. त्यावर आधारलेली वितळणबिंदूची चाचणी (डीएनएचे दोन धागे कोणत्या तापमानाला सुटे होतात ते पाहणारी) स्वस्त आणि जलद आहे. माझं मत मात्र तिच्यावर एकट्याने निकाल देऊ नये असंच आहे. या खुणा ऊतीगणिक बदलतात, धूम्रपानाने बदलतात, आणि गुन्ह्यापासून नमुना घेईपर्यंतच्या काळातही बदलतात. दोन भावांतला फरक आणि एकाच भावाच्या दोन वर्षांतला फरक सारखाच भरला तर काय करणार? डाग ताजा, ऊती तीच आणि नमुने लगेच घेतलेले असतील तर जोडीचा पुरावा म्हणून घ्यावी.

मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांचा, स्वतःचा डीएनए फक्त १६,५६९ अक्षरांचा, त्यामुळे फरक सापडण्याची जागाच थोडी. पण प्रत्येक पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात आणि मुळाशिवायच्या केसात किंवा जुन्या हाडात बहुधा तोच शाबूत असतो. तिथे दुसरा पर्याय नसेल तेव्हाच त्याकडे वळावं.

पायरी १०: अहवाल आणि न्यायालय

बॉस्टनमध्ये २००४ च्या बलात्कार प्रकरणात जुळ्या भावांपैकी एकावर खटला होता. सरकारी पक्षाने जीनोम सिक्वेन्सिंगचा पुरावा आणला. २०१७ मध्ये न्यायाधीशांनी तो ज्युरीसमोर येऊ दिला नाही, कारण पद्धत पुरेशी पारखलेली आहे असं त्यांना वाटलं नाही. आरोपी पुढे इतर पुराव्यांवर दोषी ठरला. याचा व्यावहारिक अर्थ असा की फक्त या खटल्यातल्या जुळ्यांची चाचणी बरोबर आली एवढं पुरत नाही. प्रयोगशाळेने ओळख माहीत असलेल्या इतर जुळ्यांच्या जोड्यांवर, तितक्याच कमी डीएनएवर, आंधळ्या पद्धतीने, म्हणजे कोणता नमुना कोणाचा हे करणाऱ्याला न सांगता, हीच चाचणी करून किती वेळा बरोबर, किती वेळा चूक आणि किती वेळा निकाल लागला नाही हे दाखवायला हवं. हे काम खटला उभा राहण्याआधीचं असतं.

अहवालात तपासलेल्या सगळ्या जागा द्या, टाकून दिलेल्याही, आणि का टाकल्या तेही. कच्चा डेटा आणि वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बचाव पक्षाला द्या. डागाचा अर्क उरला असेल तर त्यातला ठरावीक भाग त्यांच्या स्वतंत्र चाचणीसाठी राखीव आहे हे लेखी कळवा, आणि चाचणीत शेवटचा थेंब जाणार असेल तर तो जाण्याआधी न्यायालयाची परवानगी घ्या. निकाल लागलाच नाही तर ‘डाग या दोघांपैकी कोणाचाही असू शकतो, या चाचणीने त्यांच्यात भेद झालेला नाही’ एवढंच वाक्य लिहा, आणि कुठल्याही भावाचं नाव त्या वाक्यात दुसऱ्याच्या आधी ठेवू नका.